सातव्या हुकाचं अंतर

"वहिनी, हा ट्रेलर घ्यायचा नाही!"

यार्डच्या फाटकातून धापा टाकत आलेला माणूस ओरडला. निळ्या, ताज्या रंगाच्या ट्रेलरपाशी उभी असलेली बाई वळली.

"भावजी? तुम्हाला कोणी सांगितलं मी इथे आहे?"

"कळलं. चला घरी. भंगार आहे नुसतं."

"भंगार कोणाला म्हणतो रे?" यार्डवाला अंगावर आला. "घ्यायचं तर घ्या, नाहीतर वाट धरा. सकाळपासून हा म्हातारा खडू घेऊन फिरतोय. शाळा भरवलीय का इथे?"

म्हाताऱ्याने ट्रेलरभोवतीची फेरी चालूच ठेवली. सगळे त्याला खडूकाका म्हणत. चाळीस वर्षं जड गाड्या तपासण्यात गेली होती, आणि अजूनही कोणी जुनी गाडी घ्यायला निघालं की आधी काकांना बोलावत असे.

बाईची गरज साधी होती. ओढणारा ट्रक, ज्याला या धंद्यात घोडा म्हणतात, तो दारात उभा होता. मागे जोडायला ट्रेलर नव्हता. आठ महिन्यांपूर्वी तो मालासकट नाहीसा झाला होता. ट्रेलर आणि माल नवऱ्यानेच परस्पर विकला, असा आळ आला. नवरा तुरुंगात होता. "दादाच गिऱ्हाईक शोधत होता," अशी साक्ष या दिरानेच दिली होती. सात वर्षं तो भावाच्या गाडीवर क्लीनर होता, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन आलं.

"हा ट्रेलर इथे कधी आला?" काकांनी यार्डवाल्याला विचारलं.

"काल. दलालाने आणला. कागद चोख आहेत."

"आणि तुम्ही?" काका दिराकडे वळले. "आधी पाहिलाय कधी?"

"मी कशाला पाहीन? पहिल्यांदाच बघतोय."

काका ट्रेलरच्या तोंडाशी उकिडवे बसले. घोडा नसला की ट्रेलरचा पुढचा भाग दोन लोखंडी पायांवर उभा असतो. त्यांना टेकू म्हणतात. बाजूचं हँडल फिरवलं की ते लांबतात आणि तोंड वर उचललं जातं.

"जरा वर घ्या. खालची पट्टी बघायची आहे."

यार्डवाल्याने हँडल उजवीकडे फिरवलं. कर्रकर्र आवाज करत ते नुसतंच घसरलं. डावीकडे फिरवलं. तेच. त्याने एक शिवी हासडली.

"व्हा बाजूला!" दीर वैतागला. "इथेच दिवस मावळेल."

त्याने टेकूच्या मुळाशी टाचेने एक लाथ मारली, हँडल बोटभर बाहेर ओढलं आणि डावीकडे फिरवलं. ट्रेलरचं तोंड अलगद वर आलं.

"वा!" काका म्हणाले. "झालं बघून. आता कडा."

ते कडेला गेले. खडू आडवा धरून त्यांनी तो निळ्या रंगावरून हलकेच ओढत नेला. डोळ्यांना कड सपाट दिसत होती. पण एका जागी खडू अडखळला आणि तिथे पांढरा ठिपका उमटला. पुढे पुन्हा एक.

"काय आहे हो?" बाईने विचारलं.

"इथे काहीतरी जोडलेलं होतं. ते कापून, घासून वर रंग दिलाय. उंचवटा हाताला लागत नाही, खडूला लागतो."

बाई जवळ आली. ठिपक्यांमधलं अंतर तिने वितीने मोजलं.

"काका, हे ताडपत्रीच्या दोरीचे हुक आहेत. यांनी स्वतः जोडलेले. टेप कधी वापरला नाही त्यांनी. दोन विती मोजायचे. त्यांची वीत म्हणजे माझी वीत आणि दोन बोटं. इथे बरोबर तेवढंच आहे!"

"रडगाणं सुरू!" यार्डवाला खेकसला. "जगात तेवढ्या अंतरावर दुसरं काही नसतंच का?"

"बरोबर बोललात," काका शांतपणे म्हणाले. "एवढ्यावर ठरवायचं नाही. बाई, असं काही सांगा जे मी अजून तपासलेलं नाही. आधी तुम्ही सांगा, मग मी खडू फिरवतो."

बाईने डोळे मिटले. "सातवा हुक. ते मोजत होते आणि मी मध्येच हाक मारली. हात सरकला. सहावा आणि सातवा यांच्यात दोन विती नाहीत. दीडच आहे."

काकांनी खडू पुढे नेला. तिसरा, चौथा, पाचवा, सहावा. सातव्याला मात्र खडू लवकर अडखळला. दीड वीत.

"फाटक लाव रे!" यार्डवाला पहारेकऱ्यावर ओरडला. त्याचा चेहरा उतरला होता. "पोलिसांना बोलवा. काका, चोरीचा माल आहे हे मला माहीत नव्हतं."

"अरे देवा, दादाचाच ट्रेलर!" दीर पुढे आला. "आता मलाही ओळख पटली, वहिनी!"

"आता पटली?" काका म्हणाले. "तुमच्या पायाला तर मघाशीच पटली होती."

"म्हणजे?"

"सांगतो, सावकाश ऐका. हँडल दोन्हीकडे फिरत नव्हतं. मालकालाही जमलं नाही, मलाही जमलं नसतं. कारण हा टेकू बिघडलेला आहे आणि त्याची युक्ती फक्त याच ट्रेलरपुरती आहे. आधी लाथ, मग बोटभर ओढ, मग डावीकडे. तुम्ही एकदाही चाचपडला नाहीत. म्हणजे कोणता ट्रेलर आहे हे तुम्हाला ठाऊक होतं."

"सवयीने झालं."

"सवयीने झालं असेल. मग तोंड वर आलं, तेव्हा दचकायला हवं होतं. ज्याचा भाऊ याच ट्रेलरपायी तुरुंगात आहे, तो 'हा आपला!' म्हणून ओरडला असता. तुम्ही गप्प राहिलात. त्याआधी 'पहिल्यांदाच बघतोय' म्हणालात, आणि बोलावलेलं नसताना घेऊ नका म्हणून धावत आलात. तोच ट्रेलर रंग बदलून इथे आलाय हे दलालाखेरीज कोणाला माहीत असणार? ज्याने दलालाकडे दिला त्यालाच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच."

दिराने फाटकाकडे पाहिलं. ते बंद होतं.

"सात वर्षं!" तो एकदम फुटला. "सात वर्षं लाथा मारून याचा टेकू फिरवला मी. दादाने स्टिअरिंगला एकदा हात लावू दिला नाही. म्हणे, तुझा भरवसा नाही! मग विकला मीच, मालासकट!"

"त्यांचं काही चुकलं नव्हतं," बाई म्हणाली. पुढे तिने त्याला भावजी म्हटलं नाही. "पोलीस येतायत. मला सांगितलंस तेच त्यांना सांग. माझा माणूस घरी आला पाहिजे."

तिने काकांच्या हातातला खडू घेतला आणि राहिलेले ठिपके एकेक करून स्वतः शोधले.

"हुक परत जोडायचे ना?" काकांनी विचारलं. "टेप देतो माझा."

"नको. ते आल्यावर मोजतील, वितीने," ती म्हणाली. "आणि सातव्याला मी पुन्हा हाक मारीन."