बोलता येईल एवढाच वेग

पायाचं हाड जुळलं होतं, पण मला दम धरवत नव्हता. डॉक्टरांनी बजावलं होतं, "पळताना सहज बोलता येईल एवढाच वेग. हाड पुन्हा मोडलं, तर शर्यती विसरा." पण एकटीनं बोलायचं कुणाशी? त्या सकाळीही मी सुसाट सुटले आणि धापा टाकत मैदानाच्या कडेच्या बाकावर कोसळले.

शेजारी एकजण खांदा चोळत बसला होता. "कुणी पाठीमागे लागलंय का?"

"बोलता येईल... एवढंच... पळायचंय."

"मग बोला की."

"कुणाशी?"

"मी न्हावी आहे. बोलण्यात आमचा हात कोण धरणार?"

तो लांब पल्ल्याचा पोहणारा. खांदा निखळल्यापासून पाण्याला बंदी, म्हणून मैदानावर आलेला. दुसऱ्या दिवसापासून आम्ही सोबत पळू लागलो. पळणं कसलं, रमतगमत! काठी टेकत चालणारे आजोबासुद्धा आमच्याकडे बघून हसायचे. आधी माझा जीव जळायचा. मग त्याच्या गिऱ्हाइकांचे किस्से ऐकताना फेऱ्या कधी संपायच्या, कळेनासं झालं. पायाचं ठणकणं थांबलं. अहो-जाहोही कधीतरी गळून पडलं.

"तुझ्या बटा डोळ्यांवर येतात," तो एकदा म्हणाला. "दुकानात ये."

"नको बाबा. बोलण्याच्या नादात कान कापशील."

"पायापेक्षा तोंडालाच व्यायाम होतोय तुझ्या," घरी वहिनी म्हणाली. मी आरशासमोर पुन्हा पुन्हा केस बांधत होते, हे तिनं बरोबर हेरलं होतं.

आणि एका सकाळी तो हळूच म्हणाला, "खांदा बरा झाला. उद्यापासून... पाण्यात."

मला आनंद व्हायला हवा होता. पण डोळे भरलेले त्याला दिसू नयेत म्हणून मी वेग वाढवला, आणखी वाढवला. नडगीत बारीकशी कळ आली.

"बोल काहीतरी!" तो मागून ओरडला.

तोंडातून शब्द फुटेना. पूर्वीची मी असते, तर कळ गिळून पळतच राहिले असते. मी वेग कमी केला, चालू लागले. तो शेजारी आला. हळूहळू श्वास जागेवर आला. मग कळ ओसरली.

"पोहून झालं की ओल्या केसांनी का होईना, पण रोज माझ्याबरोबर पळायला येत जा, कारण मला तू आवडतोस."

त्याचे कान लाल झाले.

"एका दमात बोललीस," तो म्हणाला.

"मग वेग बरोबर आहे," मी म्हणाले आणि त्याचा हात धरला.