वरचं सगळं बंद

“शिंपीकाका, आमच्या शेठला विष तुम्ही घातलंत का?”

टकळीने विचारलं आणि ओठ घट्ट मिटले. कोपऱ्यावर तिच्या दोन मैत्रिणी एकमेकींना चिमटे काढत उभ्या होत्या. ‘तोंडावर विचारून दाखव, तर मानू,’ असं त्यांनीच तिला डिवचलं होतं. आणि दहावीत गेल्यापासून टकळी कशालाच नाही म्हणत नव्हती.

जिन्याखालच्या दुकानात शिवणयंत्र थांबलं. शिंपीकाकांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“तुला बाबांनी पाठवलं?”

“नाही. मी तपास करतेय.”

“कर बाई. निदान कुणीतरी करतंय.”

शेठ म्हणजे टकळीच्या घरचा कुत्रा. काल सकाळी तो जिन्यात कोसळला, नेमका या दुकानासमोर. तो भुंकला की शिंपीकाका कात्री आपटायचे, हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. बाबांनी कालच इमारतीच्या कमिटीला अर्ज दिला: या माणसाने कुत्र्यावर विषप्रयोग केला, याला जिन्याखालून हलवा. आज संध्याकाळी सहाला बैठक होती. बावीस वर्षांचं दुकान सहा वाजता जाणार होतं.

टकळीने वही उघडली.

“तुम्ही त्याला शिव्या द्यायचात?”

“पोटभर. शिव्यांनी कुत्रं मरत नाही.”

“खायला काय दिलंत?”

“काही नाही. रोज दुपारी डब्यासमोर येऊन लाळ गाळत बसायचा. माझ्याकडे उकडलेलं अंडं असायचं. पण तुझ्या बाबांनीच सांगितलं होतं ना, डॉक्टरांनी वरचं बंद केलंय म्हणून? मग कशाला देऊ?”

टकळीने लिहिलं: अंडं दिलं नाही.

“पुरावा?”

शिंपीकाकांनी मापांची वही काढली आणि पानावर बोट ठेवलं. “शेठची झूल. तुझ्या दादाने शिवून घेतली, तेव्हा छाती अठ्ठावीस इंच. दोन महिन्यांपूर्वी घट्ट होते म्हणून बाबा घेऊन आले, तीस केली. काल त्याला दवाखान्यात न्यायला गाडीत ठेवताना मीच उचललं. झुलीत माझा हात कोपरापर्यंत गेला गं.”

एका दिवसाच्या विषाने कुणी इतकं वाळत नाही. टकळी उठली.

घरात टीव्ही चालू होता, आवाज बंद. बाबा त्याच्याकडे तोंड करून बसले होते. दादा तापाने गेला त्याला सात महिने झाले होते आणि घर तेव्हापासून असंच होतं. टकळी बाहेर खूप बोलायची, पण घरात तिलाही काही वाटत नसे. दातांच्या डॉक्टरांनी सुई टोचल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं.

आई टॉवेलची घडी घालत होती. घातली, मोडली, पुन्हा घातली.

“आई, शेठ जेवण टाकायचा?”

“छे. ताटली चाटूनपुसून.”

“मग वाळला कसा?”

“कुत्र्यांनाही दुःख असतं म्हणे.”

“त्याचं जेवण कोण करतं?”

“असं काय विचारतेस परक्यासारखं? भात मी लावते. बाकी दादानंतर तुझ्याकडेच.”

टकळीने फडताळ उघडलं. शेठचं माशाचं तेल, कॅल्शियमच्या पुडीचा डबा. बाबांनी दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांकडून आणलेले. कुणी यात काही मिसळलं असेल का? तिने बाटली उजेडात धरली. सील शाबूत. डब्याचंही. म्हणजे यात विष नाही, असं तिने ठसक्यात लिहिलं आणि दवाखाना गाठला.

शेठ जाळीमागे पडून होता. तिला पाहून त्याची शेपटी एकदा हलली.

“विषबिष काही नाही,” जनावरांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. “रक्तात प्रथिनं फार कमी. मांस झडलंय, केस झडलेत. हा कुत्रा उपाशी आहे.”

“ताटली रोज भरलेली असते, डॉक्टर!”

“भरलेली कशाने?”

“तुम्ही सांगितलंत त्यानेच. एक घास इकडेतिकडे नाही.”

डॉक्टरबाईंनी त्याचं कार्ड काढलं. “थोडा भात, उकडलेलं चिकन, अंडं, गाजर, भोपळा, माशाचं तेल, कॅल्शियम. एवढं खाऊन हा असा होणारच नाही. वजन वाढलं होतं म्हणून तुझ्या बाबांना मी एकच सांगितलं, वरचं सगळं बंद.”

टकळीची पेन्सिल थांबली.

“वाचेल ना?”

“वाचेल. आठवडाभर इथे राहू दे. खाणं हळूहळू वाढवावं लागेल, एकदम झेपणार नाही.”

पावणेसहाला तिने टीव्ही बंद केला आणि आईच्या हातातला टॉवेल काढून घेतला.

“गुन्हेगार सापडला.”

बाबांनी मान वळवली. “शिंपीच ना?”

“शिंपीकाकांनी त्याला अंडंसुद्धा दिलं नाही, कारण वरचं बंद होतं. त्यांना अर्थ बरोबर कळला: अधलंमधलं, बिस्किटं, कुणाच्या डब्यातला घास. तुम्हालाही तोच कळला. सगळ्या जगात वरचं म्हणजे तेच. फक्त आपल्या घरात नाही. दादा ताटलीत भात घालायचा आणि ओरडायचा, ‘टकळे, वरचं आण!’ मग मी चिकन, अंडं, भाज्या, तेल घेऊन पळायची. भातावरचं ते वरचं.”

आईने तोंडावर हात ठेवला.

“बाबा, तुम्ही घरी येऊन म्हणालात, वरचं सगळं बंद. मी केलं बंद. त्याच दिवशी तुम्ही तेलाची नवी बाटली आणलीत. बंद करायचंय तर ती कशाला, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही. मी दोन महिने त्याला नुसता भात घातला. गुन्हेगार मी.”

“ताटलीत पांढराफटक भात असायचा,” टकळी म्हणाली. “तुम्हाला दिसला होता?”

“दिसला असेल,” बाबा म्हणाले. मग बंद टीव्हीकडे बघत म्हणाले, “दिसायचा.”

“मला वाटलं, डॉक्टरांचंच काहीतरी पथ्य असेल,” आई म्हणाली, आणि तिचा आवाज सात महिन्यांत पहिल्यांदा फाटला.

टकळीला वाटलं, आता आपण रडू. रडू आलं नाही. तिने चपला घातल्या.

“मी बैठकीला चाललेय. शेठला उपाशी मी ठेवलं, काकांनी नाही, हे सगळ्यांसमोर सांगणार. तुम्ही आलात तर अर्ज तुम्ही मागे घ्या. नाही आलात, तर मी तो कमिटीच्या हातातून घेऊन फाडणार. मी ठरवलंय, बाबा.”