वरचं पाणी खाली आलंच नाही

ही गोष्ट खरी आहे असं मी सांगितलं, की लोक आधी हसतात.

दोष त्यांचा नाही. अर्धं आयुष्य मी वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहिलं. थोरल्या भावाच्या निधनाचा फोन केला, तेव्हाही एकजण खो खो हसला होता.

पण ही खरी आहे. मे महिना, अकोला, भर दुपार.

भूत रात्री येतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी मे महिन्यात दुपारी अकोल्याला यावं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. भुताला एवढा निवांतपणा रात्री मिळत नाही.

मी अमरावतीचा. माझी मोठी बहीण माणिकबाई अकोल्याला राहायची, मुलगा गोपाल आणि सून वर्षाली यांच्याजवळ. आम्ही तिला नुसतं बाई म्हणायचो. तिचे यजमान किसनराव, म्हणजे आमचे भाऊजी, आदल्या उन्हाळ्यात गेले. बार्शीटाकळीकडे त्यांची भाजीची वाडी. जन्म गेला वांग्या-मिरच्यांना पाणी देण्यात, आणि शेवटी मूत्रपिंडं बिघडली. डॉक्टरांनी सांगितलं, पाणी मोजून द्या. दिवसाला एक तांब्या.

तांब्या बाईच्या ताब्यात.

शेवटच्या दुपारी भाऊजींनी पाणी मागितलं. त्या दिवसाचं संपलं होतं. बाईनं तांब्या उचलून वर फळीवर ठेवला.

संध्याकाळी ते गेले.



मी गेलो तो अक्षय तृतीयेसाठी. भाऊजींच्या नावाची पहिली घागर भरायची होती. नवी लाल घागर, त्यात पाणी, वर खरबूज. त्या एका दिवशी गेलेली माणसं पाणी प्यायला येतात, असं आमच्याकडे मानतात.

मी मानत नव्हतो. नव्हतो.

बैठकीत गोपालनं माशांची काचेची टाकी ठेवली होती. नव्या खेळण्यासारखी दाखवत होता.

"मामा, हा ओव्हरफ्लो मी घरीच बनवला. इकतचा नाही."

टाकीच्या काठावरून एक पांढरा पाइप उलट्या यू आकारात बाहेर येऊन खालच्या टबात उतरला होता. वाडीतल्या ठिबकचे उरलेले तुकडे, दोन एल्बो, चिकटवायला भरपूर सोल्युशन.

"वरचं जास्तीचं पाणी यातून खाली येते. खाली स्पंजातून साफ होते. मोटर पुना वर फेकते. पाणी बदलाचं कामच नाई!"

"आणि मासे?"

"मासे काय म्हणतीन? तेही अकोल्याचेच हायेत."

नळ चार-पाच दिवसांनी येणाऱ्या गावात माशांचं पाणी बदलणं म्हणजे चैनच. मी त्याची पाठ थोपटली. वर्षाली मात्र आतून म्हणाली, "घरातला नळ गळते तो तसाच हाये, मामाजी. मासे सुखात हायेत."

दुसऱ्या दिवशी घागरीचं पाणी वाडीत नेऊन झाडाच्या मुळाशी घालायचं होतं. पण उन्हात स्कूटरवर घागर घेऊन बार्शीटाकळीला कोण जाणार?

आणि गोपालनं ते पाणी टाकीत ओतलं.

"एवढं चांगलं पाणी मातीत काहून घाला? बाबाचंच घर, मासे नातवंडायसारखे."

अकोल्याचा माणूस एक वेळ खोटं बोलेल, पाणी फेकणार नाही. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

जेवण झालं. कूलर लावून सगळे आडवे झालो. तेवढ्यात वीज गेली. कूलर थांबला, मोटर थांबली. घर एकदम गप्प.

आणि मग…

गट्… गट्… गट्…

पाइपमधून.

"हवा धरते तो, मामा," गोपाल डोळे मिटूनच म्हणाला. "वरून भोक पाडा लागते."

गट्… गट्… गट्…

मग थोडा वेळ काहीच नाही.

मग…

"हाऽऽऽ."

गोपाल उठून बसला.

भाऊजी तांब्या उंच धरून वरून पाणी प्यायचे. ओठ न लावता. आणि पिऊन झालं, की एक लांब "हाऽऽऽ". शेजारच्या नीलमच्या घरापर्यंत ऐकू जायचा. तिची पोरं त्यांची नक्कल करायची.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर बोलावं लागलं असतं.

वीज आली. मोटर सुरू झाली, पण आवाज वेगळाच. कोरडा, किंचाळल्यासारखा. गोपालनं वाकून पाहिलं.

टब रिकामा होता. स्पंज कोरडा.

वरच्या टाकीतलं पाणी उतरलं होतं. पाइपमधून गेलं होतं. खाली मात्र आलं नव्हतं.

फरशीवर एक थेंब नाही.

गोपालनं सगळे सांधे चाचपले. पेनानं काचेवर खूण केली. पाणी पाइपच्या तोंडाच्या खाली गेलं, आता थांबायलाच हवं होतं. शाळेतलं विज्ञान मलाही तेवढं येतं.

ते थांबलं नाही. खूण वर राहिली… पाणी खाली, खाली.

शेवटी गोपालनं पाइपच उपसून काढला. दोन्ही हातांत धरून उभा राहिला. दोन्ही तोंडं उघडी. आत फक्त हवा.

गट्… गट्… गट्…

त्यानं पाइप टाकून दिला.

दारात बाई उभी होती. हातात तिचा पिण्याचा गिलास.

"तहान लागली त्यायले," ती म्हणाली.

पुढे आली, आणि गिलास टाकीत ओतला.

त्या दिवसापासून बाईनं पाणी पिणं सोडलं.

दिलं की घ्यायची. गोड हसायची. आणि सरळ टाकीपाशी जाऊन ओतायची. ताक ओतलं. लिंबाचं सरबत ओतलं. मासे वर्षालीनं बादलीत घालून नीलमकडे दिले. गोपालनं तो ओव्हरफ्लो आरीनं कापला, तुकडे फेकून आला. टाकी रिकामी करून पुसली.

बाई रिकाम्या टाकीत ओतायची. काच बघता बघता कोरडी व्हायची.

"आई, तुले मराचं हाये काय?" गोपाल रडत ओरडला. "बाहेर आग लागली हाये, अन् तू घोटभर पाणी पेत नाईस!"

"मी त्यायचा तांब्या उचलून ठेवला होता रे," बाई म्हणाली. "आता काय पुना मोजून देऊ?"

मी मोठ्या तोंडानं समजवायला गेलो. "बाई, भाऊजी गेले. हे उन्हाचे भास आहेत."

"तू लहान हायेस," ती म्हणाली. साठी उलटल्यावर मला हे कुणीच म्हटलं नव्हतं. 

तिघांनी धरून पाजलं. तिनं तोंडात धरलं, गिळलं नाही. सोडल्यावर उठली आणि टाकीपाशी गेली.

दवाखान्यात नेलं तेव्हा तिची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहत होती. सलाईन लावलं. मी उशाशी बसलो. मला हायसं वाटलं. निदान हे तरी तिला ओतता येणार नव्हतं.

बाटलीत बुडबुडे वर चढत होते. हळू. मग भराभर.

गट्… गट्…

बाटली रिकामी झाली.

नर्स माझ्यावरच चिडली. "आजोबा, नळीवरची चक्की फिरवली ना तुमी? असं भरकन सोडतात का?"

मी हातही लावला नव्हता. दुसरी लावली. तीही तशीच गेली. डॉक्टर आधी बाईची जीभ बघायचे, मग बाटली बघायचे, मग माझ्याकडे बघायचे. जीभ कोरडी ठाक.

बाई छताकडे पाहून हसत होती.

"प्या," ती हळूच म्हणाली. "सावकाश प्या. ठसका लागन."

दुपारीच गेली ती.

मला वाटलं होतं, इथे संपलं.

यंदा अक्षय तृतीयेला दोन घागरी भरल्या. एकाच कुंभाराच्या, एकाच बादलीतून. मीच भरल्या. दोन्ही थोड्या उण्या ठेवल्या, सांडू नये म्हणून. जेवून उठलो, आणि गोपालनं मला नुसती हाताने खूण केली.

भाऊजींची घागर काठोकाठ भरली होती. खरबूज ओलं चिंब.

बाईची… कोरडी.

"नवी माती पाणी पिते," मी म्हणालो. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला एक वाक्य तयार असतं.

गोपालनं बाईची घागर पुन्हा भरली. आम्ही दोघं समोरच बसलो. डोळे हलवले नाहीत. तरी ती उतरत गेली. भाऊजींची मात्र वाहायला लागली.

गट् गट् आवाज नव्हता. "हाऽऽऽ" नव्हता. त्यांची तहान कधीच भागली असावी. पण देणारीला ते कोण सांगणार?

"मामा," गोपाल म्हणाला, "आता आईले पाणी कसं द्याचं?"



भाऊजींच्या घागरीतलं पाणी फरशीवरून माझ्या पायांपर्यंत आलं.

मी पाय वर घेतले.