मापाड्याची मूठ

भर दुपारी, लख्ख उजेडात, आपल्या पायाशी कुणी बसलंय असं तुम्हाला कधी वाटलंय? रात्रीचं सोडा, रात्री उंदीरही माणसासारखा चालतो. मी मे महिन्यातल्या आपल्या खानदेशातल्या दुपारचं विचारते आहे, जेव्हा गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही आणि पत्रे तापून आपोआप वाजतात.

नशिराबादच्या पुढे, वाघूर नदीच्या काठी एका खेड्यात कुंदाबाई राहायच्या. नवरा जीवराम जाऊन आठ वर्षं झालेली. मुलगा हितेंद्र सुरतेला. घरात त्या एकट्या, आणि घरामागे दोन एकर केळी. मार्च महिन्यात बागेत फिरताना ठिबकच्या नळीत पाय अडकला, त्या पडल्या आणि उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. जळगावला ऑपरेशन करून तार घातली. गुडघ्याचा पट्टा निघाला तेव्हा पाय नुसता लाकूड झाला होता.

दवाखान्यात व्यायाम शिकवायला मयुरी नावाची हसरी मुलगी होती. तिने टेप घेऊन दोन्ही मांड्या मोजल्या.

"काकू, हा पाय डाव्यापेक्षा तीन सेंटिमीटरनं वाळलाय."

"काम नाही केलं तर वाळणारच की. आमच्याकडे बैलाचंही तसंच होतं."

"मग जुंपू या त्याला," मयुरी म्हणाली.

गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची. टाच गादीवरून घसरवत जवळ आणायची. आणि शेवटचा, सगळ्यात अवघड व्यायाम म्हणजे खाटेच्या कडेला बसायचं, घोट्याला एक किलोचं वजन बांधायचं, पाय समोर सरळ उचलायचा, दहा मोजेपर्यंत तसाच धरायचा आणि हळूहळू खाली आणायचा.

"आणि मोठ्यानं मोजायचं, काकू. मनात मोजलं की माणूस श्वास कोंडून धरतो."

हितेंद्र शेजारीच उभा होता. तो वाईट मुलगा नव्हता, घाबरलेला होता. "आई, तीन आठवडे बघू. तिसऱ्या शुक्रवारी पुन्हा दाखवायचंय. वॉकर सोडून चाललीस तर राहा इथं. नाहीतर घराला कुलूप लावू, तू सुरतला चल."

सुरतेला कुंदाबाई एकदा पंधरा दिवस राहिल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावर. खिडकी उघडली की समोर दुसऱ्याची खिडकी. घरी आल्याबरोबर त्यांनी जुन्या लुगड्याचा तुकडा काढला आणि वजनाची पिशवी शिवायला बसल्या. वाळूची पिशवी कुणी विकत आणतं का? शेजारचा चिंधा नदीवरून घमेलंभर वाळू घेऊन आला. किराणा दुकानाच्या काट्यावर बरोबर एक किलो भरली, तोंड शिवून टाकलं.

पहिले दोन दिवस पाय वीतभरसुद्धा उचलला गेला नाही. कुंदाबाई रडल्या. मग पदरानं डोळे पुसले आणि इकडेतिकडे पाहिलं. बघायला कोणी नव्हतं, तेच जास्त लागलं.

तिसऱ्या दुपारी वीज गेली. कूलर थांबला आणि ओल्या गवताचा वास तेवढा खोलीत राहिला. कुंदाबाईंनी पिशवी बांधली, पाय उचलला. "एक... दोन... तीन..." चारला दम संपला. पाय खाली येणार, तेवढ्यात खालून, घोट्यापाशी, कुणीतरी हलकेच म्हणालं,

"चार... पाच..."

आवाज म्हाताऱ्याचा होता. सावकाश, घोगरा, ओळखीचा. गंमत अशी की कुंदाबाई घाबरल्या नाहीत. पाय तसाच वर राहिला, कुणी हातावर तोलून धरावा तसा. "...नऊ... दहा." मग पाय अलगद खाली आला. खोलीत कूलरच्या वासात ओल्या राखेचा वास मिसळला होता.

दुसऱ्या दिवशी तो आवाज पहिल्यापासून आला. पण त्यानं एक म्हटलं नाही.

"लाभ... दोन... तीन..."

खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत हे तुम्हाला ठाऊक असेल. म्हणतात लाभ. कुंदाबाईंनी किती वर्षं ते ऐकलं होतं. दादर ज्वारीची रास, जीवराम पोतं धरून उभा, आणि मापाडी गुडघ्यावर बसून माप भरतोय. त्यांना वाटलं, आपलंच मन बोलतंय. एकट्या माणसाचं मन बोलतंच. त्याला कशाला गप्प करायचं?

मग त्या दुपारची वाट पाहू लागल्या. जेवण लवकर उरकायचं, दार लोटून घ्यायचं, पिशवी बांधायची. पाय रोज बोटभर जास्त उचलला जाई. तिसऱ्या आठवड्यात त्या वॉकर सोडून अंगणापर्यंत गेल्या. हितेंद्रचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "एकटी कुठं आहे रे मी?" आणि स्वतःच दचकल्या.

गुरुवारी चिंधा सहज डोकावला. "काकू, पाय त धावायले लागला तुमचा."

"तुझ्या वाळूचा गुण रे. कुठली आणली होतीस?"

चिंधानं डोकं खाजवलं. "आता नदीत वाळू कुठं राह्यली? सगळी ट्रॅक्टरवाल्यांनी उपसली. मसणवट्यापाशी तेवढी आहे, तठी कोणी फावडं लावत नाही. तठूनच आणली. जठी हिलाल आबाले जाळलं ना, त्याच्या बाजूलेच."

कुंदाबाईंनी हातातला पेला खाली ठेवला.

हिलाल आबा गावचा मापाडी. गावात वजनकाटे आले तसं त्याचं काम गेलं. बायको नाही, मूल नाही. मागल्या उन्हाळ्यात खोलीत मरून पडलेला दोन दिवसांनी सापडला. चार माणसांनी नेऊन जाळला, पण तिसऱ्या दिवशी राख सावडायला कुणीच गेलं नाही. कुंदाबाईही गेल्या नव्हत्या. केळीची कटाई होती.

त्यांनी पिशवी सोडली, चिंधाच्या हातात दिली. "जिथून आणलीस तिथं ओतून ये. हात जोड. माझ्याकडून माफी माग."

त्या दुपारी व्यायाम झाला नाही. घर इतकं गप्प होतं की कुंदाबाईंनी दोनदा उगीच नळ सोडला.

शुक्रवारी हितेंद्र येऊन त्यांना जळगावला घेऊन गेला. मयुरीसमोर त्या खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या, हात मोकळे सोडून. गुडघा नव्वद अंशांच्या पुढे वाकला. मयुरीनं पुन्हा टेप लावला. "मांडी भरली, काकू. कोण करून घेत होतं व्यायाम?"

"कोण असणार," कुंदाबाई म्हणाल्या.

हितेंद्रनं कबूल केल्याप्रमाणे त्यांना घरी सोडलं आणि संध्याकाळच्या गाडीनं तो परत गेला. दिवेलागणीला त्या खाटेवर बसल्या. घर आपलं राहिलं होतं. त्यांना हसू आलं, पण ते सांगायला कोणी नव्हतं.

तेव्हा राखेचा वास आला.

पिशवी नव्हती. वाळूचा कणही नव्हता. तरी खाली, पायाशी, कुणीतरी गुडघ्यावर बसलं होतं. श्वास ऐकू येत होता.

"कुंदाक्का... मोजून झालं..."

कुंदाबाई पुटपुटल्या, "आबा... तुमची वाळू परत पोचवली मी..."

"वाळू नाही... माही मूठ राह्यली..."

आता हे तुम्हाला सांगायला हवं. रास मोजून झाली की मापाडी आपली मूठ पसरतो आणि घरची बाई म्हणते, घ्या. तो राशीतून मूठभर उचलतो. मापाड्याला रिकाम्या हातानं पाठवलेलं घर आमच्याकडे कुणी ऐकलेलं नाही. आणि कुंदाबाईंना तो पाय आठवला, वर तोलून धरलेला. सावडायला न गेलेली ती सकाळही आठवली. त्यांचे डोळे भरून आले. भीती होतीच, पण भीतीहून जुनी ती सवय. उंबऱ्यात आलेल्या माणसाला 'घ्या' म्हणायची.

"घ्या आबा," त्या म्हणाल्या. "तुमचं घ्या."

अंधारात कुणीतरी समाधानानं सुस्कारा टाकला. मग राखेचा वास गेला. त्यांना गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उठल्या. उजवा पाय सहज वाकला, सहज सरळ झाला. डावा पाय खाटेवरून हलला नाही. त्यांनी लुगडं वर करून पाहिलं. डाव्या मांडीवर, गुडघ्याच्या चार बोटं वर, मुठीएवढा खोल खळगा होता. कातडी शाबूत होती. दुखत अजिबात नव्हतं.