लांब पट्टीची जागा

चिंतामणने टीव्हीची पिन भिंतीतून उपटली तेव्हा कुंदाताईंचा डाव ऐन रंगात होता. गेल्या दोन महिन्यांतला त्यांचा सगळ्यात मोठा स्कोर काळ्या पडद्यात बुडाला...

"पन्नाशी आली तुही ताई. पोरीसंगं गेम खेळून राहिली. लाज कशी नाई वाटत?"

"आत्याचा स्कोर गेला बाबा," स्वराली म्हणाली. चिंतामणची ही लेक बारावीत होती. "हा साठून नाई राहात."

अकोल्यात टॉकीजजवळच्या व्हिडिओ गेम पार्लरात पोरं नाणी टाकून जो ठोकळ्यांचा खेळ खेळत, तोच स्वरालीने पिवळ्या कॅसेटीत घरी आणला होता. वरून ठोकळा पडतो, तो फिरवायचा, फट न ठेवता बसवायचा. ओळ भरली की ती नाहीशी होते. पार्लरातल्या पोरांनीही कुंदाताईंपुढे पाणी भरलं असतं. का नाही भरणार? सतराव्या वर्षी वडील गेले तेव्हा त्यांचीच कात्री हातात धरून त्यांनी कापड बेतलं होतं, त्या कात्रीवर चिंतामणला वाढवलं होतं, आलेली दोन स्थळं त्याच्या शिक्षणापायी परतवली होती. आणि दुकान थाटलं त्या दिवशी तोच भाऊ म्हणाला होता, "आता तू घरीच राहाय ताई. बाई कापते म्हटल्यावर गिऱ्हाईक काय म्हणन?" वडिलांचं मेज दुकानात गेलं, कात्री गेली, आणि कुंदाताई मात्र घरात राहिल्या. नऊ वर्षं! त्यांनी तोंडातून ब्र काढला नव्हता.

दाराशी सत्तारभाई उभे होते. ते दुकानातले कटर. त्यांच्या काखेत खाकी कापडाचं थान होतं, हातात कापायचे पुठ्ठ्याचे फर्मे, आणि चेहरा पार उतरलेला.

"मी सांगू का?" सत्तारभाई म्हणाले. "भाऊनं पन्हा न मोजता कापड घेतलं. मोठ्या पन्ह्याचं समजून लहान पन्ह्याचं, कमी रुंद कापड आलं. वरतून पाण्यातूनबी काढून टाकलं, आता दुकानदार वापस घेत नाई. नव्वद हाफपँटी पायजेत, अकरा कमी पडून राहिल्या. मी चार डाव मांडून पाहिलं."

दोन वर्षं कापसाने दगा दिला होता. लग्नसराईतही लोक जुनेच कपडे इस्त्री करून घालत होते. शाळेच्या या गणवेशांवरच दुकान तगलेलं. रंग तोच पाहिजे, आणि तो रंग बाजारात संपला होता. ऑर्डर गेली की दुकानाला कुलूप. आता कळला चिंतामणच्या रागाचा उगम! चूक स्वतःची, आणि पिन उपटली बहिणीची.

कुंदाताई उठल्या. "फर्मे द्या सत्तारभाई. कापड जमिनीवर हातरा."

"तुले काय समजते आता?" चिंतामण फणकारला.

"तुले कापणं कोनं शिकोलं, ते इसरला वाटते."

कुंदाताई गुडघ्यांवर बसल्या. सत्तारभाईंनी सगळे फर्मे एकाच दिशेने मांडले होते, सरळ माणसाचं सरळ काम. कुंदाताईंनी दर दुसरा फर्मा उलटा केला. एकाच्या पोकळ बाजूत दुसऱ्याचा फुगवटा नेमका बसला, खिसे कोपऱ्यांत गेले. पण काठालगतची लांब जागा त्यांनी तशीच सोडली.

"तिथं एक पाय बसते ना ताई," चिंतामण वाकून म्हणाला. त्याच्या आवाजातली धार गेली होती.

"बसते. पण मंग कंबरपट्ट्या कुठी काढू? लांब तुकड्याची जागा मोकळी ठेवा लागते, तो येतेच. हे तुह्या पोरीच्या गेमनं शिकोलं मले. नऊ वर्षं तू तं काई शिकू देल्लं नाई."

स्वरालीने खडूच्या खुणा दोनदा मोजल्या. नव्वद! आणि उरली होती जेमतेम तळहाताएवढी चिंधी.

सत्तारभाईंनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "भाऊ, मी शिवणावर बसतो. कापायचा हात हा हाय."

चिंतामणच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्याने दुकानातून आणलेल्या पिशवीतून वडिलांची कात्री काढली, पण त्याला ती पुढे करवेना. "ताई... माह्यं चुकलं."

कुंदाताई नमल्या नाहीत. "पन्ह्याचं चुकलं, ते मी भरून काढलं. माह्या नऊ वर्षांचं तुले भरा लागन. मी इथं नाई कापत. उद्या दुकानात, बाबाच्या मेजावर, रोडकडे तोंड करून कापीन. लोकाइले पाहू दे. मंजूर नसन तं उचल हे कापड."

चिंतामणने कात्री त्यांच्या हातात ठेवली.

दुसऱ्या दिवशी अकराला वीज गेली, पंखा थांबला. धोतर-टोपीतले एक आजोबा काखेत कापड घेऊन पायरी चढले आणि मेजावर कापणाऱ्या बाईकडे पाहत थबकले. "कटर मास्तर कुठी हायेत?"

चिंतामणच्या गळ्यात मापाची टेप होती. तो पुढे झाला.

"ह्याच मास्तर. माह्यी मोठी बहीण. मी यायच्या हाताखाली हाओ."

कुंदाताईंनी मान वर केली नाही. कात्री चालूच होती. "माप घे चिंतामण," त्या म्हणाल्या, "आणि यावेळी पन्हा इचार."