ज्याला ठाऊक, त्याने गप्प

प्रश्न

आधी पाणी आलं, मग सर आले.

तिसरीच्या वर्गातलं पाणी दाराखालून शेजारच्या सहावीत शिरलं, आणि सहावीचे गणिताचे सर ओले बूट हातात धरून तिसरीच्या दारात उभे राहिले. शाळेत नवीनच होते. आत बेसिनखाली अख्खा वर्ग पालथा पडलेला, आणि मधोमध, हातात पाना घेऊन, वर्गाच्या बाई.

"माझ्या बुटांना पोहता येत नाही," सर म्हणाले.

"शिकतील हळूहळू." तिने मनगटानेच केस मागे सारले. "हा पाइप वाकडा का, असं खारूताईने विचारलं. म्हणून उघडला. नळ कुणी सोडला, ते अजून कळायचंय."

खारूताई, वर्गातली सगळ्यात चळवळी मुलगी, छताकडे बघू लागली.

"अहो, सोपं आहे. त्या वाकात पाणी—"

एक ओलं बोट त्यांच्या ओठांसमोर येऊन थांबलं. टेकलं नाही… जेमतेम.

"आमचा नियम आहे, सर. ज्याला ठाऊक, त्याने गप्प बसायचं. दुसऱ्याचं शोधणं हिरावून घ्यायचं नाही."

सर गप्प बसले. बूट मात्र टपटपत राहिले.

अंदाज

मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी तिसरीच्या बाईंना ऑफिसात बोलावलं.

"शुक्रवारी मी वर्गात बसणार. मुलांना काही येतंय असं दिसलं नाही, तर तिसरी दुसऱ्या कुणाला देईन. तुम्ही वाचनालय सांभाळा."

सर जिन्यात थांबले होते. सगळं ऐकून म्हणाले, "पाइप बसवून टाका. पाढे घ्या. मुलं घडाघडा म्हणतील, मोठ्या बाई खूश."

"आणि नंतर मुलं विचारतील, बाई, पाइपाचं काय झालं? नाही. शुक्रवारी पाइपच."

"हट्टी आहात."

"आत्ता कळलं? तुमच्या बुटांना पहिल्या दिवशीच कळलं होतं."

दुसऱ्या दिवशी वर्गात मोरीचा वास कोंदला होता. सर आरपार दिसणारा, लवचीक पाइप घेऊन आले. "मी काही बोललेलो नाही," एवढंच बोलले. तिच्या हाती देताना बोटं गुंतली… आणि सोडवायची घाई कुणालाच नव्हती.

करून बघणं

शुक्रवार. बेसिनखाली नवा पाइप. मागच्या बाकावर सर, सहावीला गणितं देऊन आलेले.

"हा पाइप वाकडा का?" मोठ्या बाईंनी विचारलं.

वर्ग चिडीचूप.

सगळ्यांना येत होतं, म्हणूनच सगळे गप्प होते. तिने नुसती मान हलवली असती तरी हात वर गेले असते. तिसरी वाचली असती, नियम मेला असता. तिने मागे पाहिलं, तर सरांनी स्वतःच्याच ओठांवर बोट ठेवलेलं.

ती गप्प राहिली.

"कुणालाच येत नाही?" मोठ्या बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

"सगळ्यांना येतं," खारूताई म्हणाली. "तुम्हालाच येत नाही, म्हणून आम्ही थांबलोय." आणि पाण्याचा मग त्यांच्या हातात दिला.

मोठ्या बाईंनी पेन बाजूला ठेवलं. मग गुडघ्यांवर बसल्या. खारूताईने पाइप सरळ केला, तसा भपकन वास आला. वाकवला. मोठ्या बाईंनी हात उंचावून बेसिनात पाणी ओतलं. ते धावलं, गेलं… वाकात थोडं उरलं. त्यांनी हुंगून पाहिलं. वास थांबला होता.

"म्हणजे हे उरलेलं पाणीच वास अडवतं?"

टाळ्या पडल्या. मोठ्या बाई मात्र उठेनात.

"मग सुटीनंतर शाळा उघडली की वास का येतो? थांबा, कुणी बोलू नका. मलाच शोधू दे."

जाताना दारातून म्हणाल्या, "तिसरी तुमच्याकडेच."

उत्तर

शाळा सुटली. ती बादली पुसत होती.

"माझा एक प्रश्न आहे," सर म्हणाले. "तुम्ही माझ्याशी… म्हणजे आपण दोघं… कायमचं—"

गणिताचे सर, आणि एक वाक्य सुटेना.

"उत्तर मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "जिन्यापासूनच. म्हणून गप्प आहे."

"मग मला कळणार कसं?"

"अंदाज करा."

"हो?"

तिचं ओलं बोट त्यांच्या ओठांसमोर आलं. या वेळी टेकलं.