वहीवरचं दुसरं कुंकू

सकाळी सातला डॉ. गौरवी मळीक यांचा फोन आला आणि डिचोलीचे पोलीस निरीक्षक जयराम गावस चहा तसाच टाकून कारापूरला निघाले. एके काळी ते बाईंच्या संध्याकाळच्या वर्गात बसत. धंद्यातली व्यूहनीती आणि प्रतिस्पर्ध्याची माहिती काढण्याची विद्या बाई पणजीत वीस वर्षं शिकवत होत्या.

ती वीस वर्षं आज दहा वाजता मातीमोल होणार होती. एका खाणकंपनीतल्या ज्या माणसांनी विश्वासाने बाईंना आतली माहिती दिली, त्यांची नावं बाईंच्या वहीत होती. वहीचे फोटो कंपनीच्या हाती लागले आणि दोघांना घरी बसवलं गेलं. नावं बाईंनीच फोडली, असं महाविद्यालयाच्या चौकशी समितीचं म्हणणं होतं; दहाला पणजीत बाईंना तिच्यापुढे उभं राहायचं होतं.

"वही कुणाच्या हाती गेली होती?" जयरामनी विचारलं.

"कुणाच्याच नाही. कायम कुलपात असते. फक्त दसऱ्याला इथे, दादाकडे, सरस्वतीपुढे ठेवली होती." बाईंनी वही पुढे सरकवली. "जयराम, मला काही सुचत नाही रे."

थोरले बंधू मधुकर यांनी पूजा केली होती. प्रत्येक पुस्तकाला कुंकवाचं एकेक बोट. दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होताच बाईंनी वही उचलून पुन्हा कुलपात टाकली. मधल्या वेळात पूजेतल्या वस्तूला कुणी हात लावत नाही.

बाहेरचा माणूस एकच, बाईंना गाडीने घेऊन आलेला साहाय्यक परेश. चुलता वारल्याने त्याला सुतक होतं, म्हणून तो बाहेर बलकांवात, दारापुढच्या ओट्यावरच बसला. दुपारी बायका देवळात गेल्या तेव्हा तो आणि मधुकर असे दोघेच मागे होते. त्यानेच केलं असणार, असं बाईंना वाटत होतं. मधुकर यांनीही खाली बघत मान डोलावली.

जयरामनी समितीने पाठवलेला फोटो वहीशेजारी ठेवला. फोटोतल्या पुठ्ठ्यावर कुंकवाचं एक बोट होतं. समोरच्या वहीवर दोन होती. बाकीच्या पुस्तकांवर एकेकच.

"फोटो पूजेनंतर काढलाय. चोराने वही परत ठेवली आणि पूजा मोडली या धास्तीने पुन्हा कुंकू लावलं. परेश सुतक मानत असता तर देवापुढे गेला नसता. मानत नसता, तर त्याला पूजेची धास्ती कशाला?" ते वळले. "मधुकरबाब, पूजा मोडल्याचं भय त्या दुपारी एकालाच होतं. ज्याने ती मांडली त्याला."



"माझे खाणीचे टिपर ट्रक तीन वर्सां दारात उभे आसत," मधुकर म्हणाले. "कंपनीन काम देतंव म्हणान सांगल्यानी. नुसत्या नावांनी काय जाता, असां वाटलां. बाय, माझां नाव सांग थंय समितीक. तुझी नोकरी तरी रवांदी."

बाईंनी वही पिशवीत घातली. साडेआठ वाजले होते. पणजीला जायला निघायलाच हवं होतं.

वीस वर्षांत त्यांनी कुणाचं नाव उघड केलं नव्हतं. आज पहिलं सांगायचं होतं, ते दादाचं.